भर दुपारचं चांदणं

इडा हॅलम माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. जेवणाच्या टेबलावर रंग आणायचे नाहीत, आणि टर्पेंटाइनची बाटली माझ्या व्हिनेगरशेजारी ठेवायची नाही. तिसऱ्याच दिवशी तिने दोन्ही नियम मोडले. मी ओरडले, तिने माफी मागितली, आणि त्यानंतर आमचं छान जमलं.

माझं घर मेलबर्नबाहेर, हायडलबर्गच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. चार गाई, एक चिडखोर कोंबडा आणि मी, मिसेस टिअर्नी, पाच वर्षांपूर्वी विधवा झालेली, एवढंच बिऱ्हाड. वर टेकडीवर एक रिकामं घर होतं. शनिवार आला की मेलबर्नहून तरुण चित्रकार तिथे तळ ठोकायचे. पेंढ्यावर झोपायचे, मटण करपवून खायचे आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणायचे. इडा बाईमाणूस, तिला तिथे राहता येत नव्हतं. म्हणून माझी मागची खोली. तिशी उलटलेली, उंच, हाडकुळी, बोलणं कमी आणि भूक दोन गड्यांची. मला खाणारी माणसं आवडतात.

ही मंडळी चार भिंतींत बसून चित्रं काढत नसत. भर उन्हात उभं राहायचं आणि प्रकाश बदलायच्या आत, तासाभरात, चित्र उरकायचं. तेही सिगारच्या पेटीच्या लाकडी झाकणावर. मागे पेन्सिलीने वेळ लिहायची: सकाळी साडेदहा, वारा उत्तरेचा. इडाचं पहिलं चित्र पाहून मी विचारलं होतं, "छान आहे, पण हे पुरं कधी होणार?"

"झालं की पुरं," ती म्हणाली.

माझ्या सासूच्या घरी एक चित्र होतं, त्यातल्या झाडाचं पान न् पान मोजता यायचं. पण एक कबूल करायला हवं. उन्हाळ्यात आमची टेकडी वाळून पिवळीधमक होते. वीस वर्षं मी त्या गवताला शिव्या देत आले, कारण त्यात गाईंचं पोट भरत नाही. इडाच्या त्या वीतभर झाकणावर तेच गवत पाहिलं आणि पहिल्यांदा मला ते बरं वाटलं. हे मी तिला सांगितलं नाही. लगेच कौतुक केलं की माणसं शेफारतात.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, एकदा उत्तरेचा तापलेला वारा सुटला आणि तिची छत्री उडवून तारेच्या कुंपणावर नेऊन टाकली. ही काही पावसाची छत्री नव्हे. लांब दांडा, खाली लोखंडी टोक. ते जमिनीत रोवायचं आणि तिच्या सावलीत चित्र काढायचं. पांढरं कापड चांगलं दोन ठिकाणी फाटलं होतं. "शहरात जाईन तेव्हा दुकानात देईन," ती म्हणाली.

"का? माझे हात मोडलेत?" मी म्हणाले.

ती दोन दिवस मेलबर्नला गेली तेवढ्यात मी छत्री शिवून काढली. नुसती शिवली नाही, जन्मभर टिकेल अशी केली. जुनं पांढरं कापड आतून तसंच ठेवलं, वरून माझ्या उशीच्या अभ्र्याचं नवं पांढरं कापड ताणलं, आणि पोरीचं डोकं तापू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये आणखी एक पातळ थर घातला. माझ्या नवऱ्याच्या, मायकेलच्या, आजारपणात त्याच्या खिडकीला लावलेला पडदा होता, तो ट्रंकेत उगाच पडून होता. बाहेरून पाहा, आतून पाहा, टाकासुद्धा दिसत नव्हता. मधल्या थराचं मी बोलले नाही. नवऱ्याच्या आजारपणातलं कापड म्हटलं की लोक नाकं मुरडतात.

इडाने छत्री उचलून पाहिली. "जड झाली का थोडी?"

"मजबूत झाली," मी म्हणाले. तिने माझ्या गालाचा मुका घेतला. मी तिला पिठाच्या हातांनी बाजूला सारलं.

आणि त्यानंतर सगळं बिघडायला लागलं.

आधी तिचं जेवण कमी झालं. मटणाचा रस्सा अर्धा ठेवायला लागली, तेव्हाच मला शंका आली. मग संध्याकाळी आणलेली झाकणं ती मला दाखवेनाशी झाली. खोलीत भिंतीकडे तोंड करून लावून ठेवायची. एक दिवस रंगाची नळी घेऊन स्वयंपाकघरात आली आणि माझ्या पांढऱ्या बशीवर थोडा रंग पिळून म्हणाली, "मिसेस टिअर्नी, हा कोणता रंग आहे?"

"टेबलावर रंग नाही म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"सांगा ना. कोणता रंग?"

"पांढरा. अगदी माझ्या बशीसारखा."

"मला पण इथे पांढराच दिसतो," ती म्हणाली आणि नळी घेऊन निघून गेली. मी बशी घासत बसले. कलावंत माणसं थोडी तऱ्हेवाईक असायचीच, असं तेव्हा मला वाटलं.

आणखी एक नवीन खूळ. ती माझ्याकडे टक लावून बघायची. रविवारी सकाळी मी खिडकीजवळ पावाचं पीठ मळत असले की ती समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, मांडीवर फळी, हातात काहीतरी. खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीचं चित्र काढते म्हणाली. पण नजर कुंडीवर कमी आणि माझ्यावरच जास्त. "माझ्या नाकावर पीठ लागलंय का?" मी एकदा विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा बघायला लागली. अशाने माणूस पावात मीठ घालायला विसरतो. मी विसरले.

मार्चच्या पहिल्या रविवारी क्लेम ऑर्ड आला. टेकडीवरच्या टोळीतला हा. चांगला मुलगा, फक्त तोंडाला कुलूप नाही. माझ्या हातचे स्कोन, ते छोटे गोडसर पाव, खायला येतो आणि इडाला भेटायला आल्याचं सांगतो. त्या दिवशी इडा चहाचं पाणी आणायला गेली आणि हा पठ्ठ्या सरळ तिच्या खोलीत. भिंतीकडे तोंड केलेली झाकणं एकेक उलटून त्याने पलंगावर ओळीने मांडली.

"मिसेस टी, जरा इकडे या हो," तो ओरडला. "ही बघा गंमत!"

मी पण गेले. कबूल करते, मलाही बघायचंच होतं. पंचवीसेक चित्रं होती. आमचीच टेकडी, आमचंच कुंपण, आमच्याच गाई. पण सगळं निळंफिक्कं. गवत राखेसारखं, गाई थंडीने काकडल्यासारख्या. आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं: दुपारी एक. दुपारी दोन.

इडा दारात येऊन उभी राहिली.

"काय गं इडा," क्लेम हसत म्हणाला, "आम्ही सगळे उन्हाच्या मागे धावतोय, आणि तू भर दुपारी चांदणं शोधून काढलंस? की टेकडीवर बर्फबिर्फ पडला?"

एरवी इडाने त्याला दोन शब्दांत गार केलं असतं. या वेळी तिचा चेहरा उतरला. तिने किटली जमिनीवर ठेवली, झाकणं गोळा केली आणि पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली. मग म्हणाली, "क्लेम, चहा गार होतोय."

चहा अजून झालाही नव्हता. क्लेमने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातात दोन स्कोन कोंबले आणि त्याला वाटेला लावलं. जाता जाता तो कुजबुजला, "मी काही वाईट बोललो का हो? मला वाटलं, ती मुद्दाम करतेय. काहीतरी नवीन."

"तू तोंडात स्कोन घाल," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी मी लोणी काढायला साय घुसळत होते तेव्हा इडा आली आणि रवीच्या पिंपापाशी खालीच बसली. मी हात थांबवला नाही. हात थांबवला की माणसं बोलायची थांबतात.

"माझे डोळे जाताहेत," ती म्हणाली.

माझा हात थांबलाच.

"बाबांचं असंच सुरू झालं होतं. बॅलरॅटला बग्ग्या रंगवायचे ते. पूर्ण गावात त्यांच्यासारखा हात नव्हता. एकदा खाटकाने गाडी हिरवी करायला सांगितली. बाबांनी अंगणात, भर उन्हात, दोन दिवस खपून रंगवली. निळी झाली. ते शपथ घेऊन सांगत होते की हिरवी आहे. लोक हसले. बाबा पण हसले. तीन वर्षांनी त्यांना मी दिसत नव्हते."

"अगं पण तुला मी दिसते ना?"

"घरात सगळं ठीक दिसतं. उन्हात गेलं की बिघडतं. तिथे नळीतला पांढरा मला पांढरा दिसत नाही, मळकट पिवळा दिसतो. मी गवताला गवताचा रंग लावते, जुळवून जुळवून लावते, तिथे अगदी बरोबर असतो. घरी आणून बघते तर हे असं. बाबांचं पण उन्हातच सुरू झालं होतं."

"मग मेलबर्नला कॉलिन्स स्ट्रीटवर डोळ्यांचा डॉक्टर आहे. त्याला दाखव."

"तो काय सांगणार? बाबांना सांगितलं तेच. मोतीबिंदू पिकू द्या, पूर्ण आंधळे व्हा, मग कापतो. आणि कापल्यावरही काही दिसलं नाही." ती हसली, पण ते हसणं मला बघवेना. "शेवटी शेवटी ते म्हणायचे, डोळे होते तेव्हा तुम्हा पोरींचे चेहरे नीट बघून ठेवायला हवे होते. मी मेला बग्ग्यांची चाकं बघत बसलो."

मी तिला ताजं लोणी लावून पावाचा तुकडा दिला. तिने तो हातात धरून ठेवला.

तिने जिलाँगला बहिणीला पत्र लिहिलं होतं. मेबलला चार मुलं, घरात मदत हवी होती, केव्हाची बोलावत होती. इडाने लिहिलं की मी येते, कायमची, रविवारी मला घ्यायला या. मुलांना आंघोळी घालायला फार चांगले डोळे लागत नाहीत, असंही लिहिलं होतं. हे तिनेच मला सांगितलं. मी पत्र फोडलं नाही. "स्टेशनकडे जाल तेव्हा टाकाल का पेटीत?" तिने विचारलं.

"टाकते," मी म्हणाले आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं.

त्या दिवशी मी स्टेशनकडे गेले. पेटीसमोर उभी राहिले, स्टेशनमास्तरच्या बायकोशी गप्पा मारल्या आणि परत आले. मंगळवारी पण गेले. बुधवारीही. पत्र खिशातच. का, ते विचारू नका. रोज मनाशी म्हणायचे, उद्या नक्की. खरं सांगायचं तर त्या मागच्या खोलीत पुन्हा कुणी नसणार हा विचार मला सहन होत नव्हता. मायकेल गेल्यापासून मी ती बंदच ठेवली होती. या पोरीने येऊन खिडकी उघडली, पलंगाखाली झाकणं रचली आणि टर्पेंटाइनचा वास लावून दिला. आता त्या वासाशिवाय मला घर घरासारखं वाटत नव्हतं.

गुरुवारी सकाळी इडाने सामान बांधलं. मग छत्री आणि रंगांची पेटी उचलली.

"आता कुठे?" मी विचारलं.

"एकदा शेवटचं बघून येते. चित्र वाईट आलं तर आलं."

मी तिला अडवलं नाही. दुपारी डबा घेऊन आपणच जायचं ठरवलं. एरवी ती पाव बांधून न्यायची, मी कधी तिच्यामागे टेकडी चढले नव्हते. माझे गुडघे आणि ती टेकडी यांचं जुनं वैर आहे. पण शेवटचा दिवस म्हणून टोपलीत थंड मटण, उकडलेली अंडी, प्लमचा मुरंबा आणि बाटलीभर दूध घेतलं. आमच्या डचेसचं दूध. डचेस म्हणजे माझी सगळ्यात लाडकी गाय. तिच्या दुधाला अख्ख्या हायडलबर्गात कुणी नाव ठेवलेलं नाही.

ऊन असं होतं की माश्यासुद्धा कंटाळल्या होत्या. गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडांवर किडे किर्र ओरडत होते. इडा उतारावर छत्री रोवून तिच्याखाली बसली होती. मी धापा टाकत पोहोचले आणि छत्रीच्या सावलीत तिच्याशेजारी बसकण मारली. तिच्या मांडीवर झाकण होतं, चित्र जवळजवळ झालं होतं. आणि काय सांगू, चांगलं होतं! अगदी आमची टेकडी, पिवळी, तापलेली.

"अगं, हे तर छान झालंय की!"

"इथे रोज छानच होतं," ती म्हणाली. "घरी नेल्यावर बघा."

मी पांढऱ्या मगात दूध ओतलं. आणि मग मध्येच थबकले. दूध पिवळं होतं. साय जास्त असल्यावर येतो तसा पिवटपणा नव्हे, चक्क पिवळं, व्यालेल्या गाईच्या चिकासारखं. डचेसला काय झालं? सकाळी धार काढली तेव्हा तर स्वच्छ होतं. काहीबाही खाल्लं की काय हिने? मी उठले आणि दूध फेकून द्यायला छत्रीबाहेर आले.

उन्हात मगातलं दूध पांढरंशुभ्र होतं.

मी परत आत आले. पिवळं. बाहेर गेले. पांढरं. पुन्हा आत.

"काय चाललंय तुमचं?" इडाने विचारलं.

"गप्प बस."

मी मान वर करून छत्रीकडे पाहिलं. उन्हात ती आतून मऊ सोनेरी दिसत होती, आणि तो सोनेरी रंग माझ्या ओळखीचा होता. आजारपणात मायकेलच्या डोळ्यांना उजेड सोसत नव्हता म्हणून मी खिडकीला तो पिवळा पडदा लावला होता. आठ दिवसांनी डॉक्टर आला तेव्हा मी रडत त्याला सांगितलं, ह्यांना कावीळ पण झाली. डॉक्टरने पडदा बाजूला सारला. मायकेलचा चेहरा नुसता फिकट होता. छाती खराब होती त्याची, कावीळ कसली नव्हतीच. तोच पडदा. एकदा मला फसवून त्याचं पोट भरलं नव्हतं, म्हणून मी स्वतःच्या हातांनी तो छत्रीत शिवला होता.

क्षणभर, खोटं कशाला बोलू, मनात आलं की गप्प राहावं आणि घरी जाऊन गुपचूप उसवून टाकावं. पण इडाच्या त्या बांधलेल्या सामानाची आठवण झाली.

"इडा, छत्री मिटव."

"का? ऊन केवढं आहे."

"मिटव म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून तिने मुकाट्याने छत्री मिटली. ऊन झाकणावर पडलं. आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत ते पिवळं गवत निळसर झालं. तेच चित्र, तोच उतार, वर भर दुपारचं चांदणं पसरलेलं.

इडाने झाकणाकडे पाहिलं. छत्री उघडली. गवत पिवळं. मिटली. निळं. तिने हे चारपाच वेळा केलं. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा वाचता येत नव्हता.

"मधे एक पडदा आहे," मी म्हणाले. "पिवळा. मायकेलचा. तुझं डोकं तापू नये म्हणून घातला. मला वाटलं नाही गं, खरंच वाटलं नाही. मला काय माहीत की छत्रीचा रंग..."

मी ओरडा खायला तयार झाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

तिने टोपलीतली सुरी घेतली, छत्री मांडीवर आडवी धरली आणि माझे टाके उसवायला लागली. चांगले बारीक टाके होते, वेळ लागला. शेवटी पडद्याचं एक टोक बाहेर आलं. तिने ते ओढलं आणि उन्हात धरलं. पिवळाजर्द. तिने तो डोळ्यांसमोर धरून टेकडी बघितली, मग खाली घेऊन बघितली. मग ती हसायला लागली. पोट धरून, मागे गवतात पडून, हाडकुळी लांब पोर खदाखदा हसत होती. आणि मग हसता हसता रडायला लागली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मीही रडले.

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली, नाक पुसत. "छत्री पांढरीच हवी, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. क्लेम तर गळ्यात लाल रुमालसुद्धा बांधत नाही, चित्रावर त्याची झाक पडते म्हणून. आणि मी सहा आठवडे पिवळ्या दिव्याखाली बसून रंग जुळवतेय! प्रकाशच पिवळा, मग मी रंगातला पिवळा कमी करत गेले. छत्रीखाली बरोबर, बाहेर आणलं की निळं. असली चूक फक्त आमच्यासारखा माणूसच करू शकतो, मिसेस टिअर्नी. घरात बसून चित्र काढणाऱ्याला हे जमलंच नसतं."

"म्हणजे तुझे डोळे..."

"माझे डोळे इतके चांगले आहेत की तुमच्या पडद्याशी पण त्यांनी रंग जुळवला." ती पुन्हा हसली. मग एकदम उठून बसली. तोंडावरचं हसू गेलं. "पत्र! मेबल रविवारी येईल. तिने तर आतापर्यंत खोली रिकामी केली असेल. आता तिला काय सांगू मी?"

मी ॲप्रनच्या खिशात हात घातला. पाकीट चुरगळलं होतं, एका कोपऱ्याला लोणी लागलं होतं. मी ते तिच्यापुढे धरलं.

ती बघतच राहिली. "तुम्ही टाकलं नाहीत?"

"विसरले."

"तीन दिवस?"

"तीन दिवस विसरले," मी म्हणाले. "माझं वय झालंय."

"तुम्ही कधी काही विसरत नाही. जानेवारीत मी फोडलेल्या कपाची अजून आठवण काढता."

"तो माझ्या सासूचा कप होता."

तिने पाकीट घेतलं, चार तुकडे केले आणि रंगाच्या पेटीत टाकले. मग म्हणाली, "आता मी तुम्हाला कशाबद्दल बोलू? पडद्याबद्दल की पत्राबद्दल?"

"आधी जेव," मी म्हणाले. "मग काय बोलायचं ते बोल."

ती जेवली. थंड मटण संपवलं, अंडी संपवली, मुरंब्याची बरणी बोटाने पुसली आणि डचेसचं सगळं दूध प्यायली. मला एक घोटही ठेवला नाही. मग उसवलेली छत्री तशीच रोवली, नवं झाकण घेतलं आणि कामाला लागली. तासाभरात टेकडी झाली. तिने ते झाकण उन्हात आणलं, मागे वेळ लिहिली आणि मला दिलं. मी ते सावलीत धरलं, उन्हात धरलं, तिरकं धरून बघितलं. सगळीकडे पिवळं. वीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या तेच गवत.

"कधी पुरं होणार?" मी विचारलं. ती हसली.

घरी आल्यावर ती सामान सोडायला बसली. मी दारात उभी होते. मदत करायला नव्हे, खात्री करून घ्यायला. ट्रंकेच्या तळाशी, तिच्या बाबांच्या फोटोशेजारी, फडक्यात गुंडाळलेलं एक झाकण होतं. तिने ते लगबगीने बाजूला सारलं, म्हणून मी ते उचललं. मला तेवढं कळतं.

फडकं सोडलं. आत मी होते. खिडकीपाशी, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत पीठ, मागे जिरेनियमचा लाल ठिपका. निळं काही नाही, फिक्कं काही नाही. हाताचा रंग हाताचा, पिठाचा पिठाचा. हे घरात काढलं होतं, इथे वर छत्री नव्हती. तिचे डोळे शाबूत असल्याचा पुरावा तिच्याच ट्रंकेत होता, इतके दिवस.

"जिरेनियमचं चित्र म्हणाली होतीस," मी म्हणाले.

"बाबांसारखं व्हायला नको होतं मला," ती खाली बघत म्हणाली. "बघायचं राहून गेलं, असं."

मी ती फळी दोन्ही हातांत धरून उभी होते. जिलाँगला तिची सख्खी बहीण होती, चार भाचरं होती. आणि डोळे जाणार म्हणून हिने बघून ठेवलं ते माझं तोंड. पण असं दारात उभं राहून रडणं मला शोभत नाही.

"नाक फार लाल केलंयस," मी म्हणाले.

इडा उठली, माझ्या हनुवटीला धरून माझा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे नीट बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "आता मला खात्री आहे. तेवढंच लाल आहे."